एक जूनच्या बाई

आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. बोर्ली पंचतनला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पॅनकार्ड, पेन्शनचे फॉर्म, दाखले, सगळ्यांचे कागद माझ्या हातून जातात, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एकदा बँकेत बदलून आलेल्या एका साहेबाने मला विचारलं, "इकडच्या बायका एकाच दिवशी बाळंत व्हायच्या का हो?" मी म्हटलं, साहेब, ही तारीख आईने दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. आईला अक्षरओळख नाही, बाप मजुरीवर, जन्माचा कागद कुणाच्या घरात नाही. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पोर सहा वर्षांचं भरलं पाहिजे, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

गेल्या जानेवारीत जयमालाबाई पेन्शनचे कागद घेऊन दुकानात आल्या, तेव्हा त्यांचीही तारीख तीच निघाली. बाई म्हणजे माझ्या बाई. खाजणवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरी ते चौथी मी त्यांच्या हाताखाली काढली. ऱ्हस्वदीर्घावरून त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं बायकोनेही कशावरून छळलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर 'लॅमिनेशन'मधला 'मि' रंगाऱ्याने दीर्घ काढला होता. बाईंनी रस्त्यातून तो बघितला, आत आल्या आणि म्हणाल्या, "विनेश, तुझ्याकडं वाचायला लोक येतात ना?" दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं.

तर त्या दिवशी मला जुना सूड उगवायची आयती संधी मिळाली. "काय बाई, तुम्हीपण एक जून? म्हणजे एकतीस मेला घरी."

बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. "माझा जन्म डिसेंबरातला हाय रे," त्या म्हणाल्या. "अडुसष्टच्या. आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या फुडच्या थंडीत तू झालीस."

कागदावर एक जून एकोणीसशे सदुसष्ट होतं, आणि निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी बोटं मोजायला लागलो. बाईंची वजाबाकी आधीच झालेली होती.

"खऱ्या तारखेनं मी पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेरीला निवृत्त झाले असते. एकोणीस महिने जातात माझे. रुचिकाची अख्खी चौथी त्यात बसली असती."

रुचिका ही त्यांच्या शाळेतली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. तेव्हा ती तिसरीत होती. तिच्या खाली पियूष पहिलीत, आणि जूनमध्ये अंगणवाडीतली भक्ती यायची होती. संपला पट. मी शिकत होतो तेव्हा आम्ही बेचाळीस होतो. मग कुणी उरणला ट्रकवर गेलं, कुणी नालासोपाऱ्याला, आणि जे उरले त्यांची पोरं टाय लावून बोर्लीच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायला लागली. माझीही बसतात. बाईंनी त्यावरून मला एकदाही टोकलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

रुचिका चौथी पास होऊन गेली की शाळा टिकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. बाईंचं मागणं फार मोठं नव्हतं. ही शेवटची चौथी आपल्या हाताने पार करून द्यायची, मग शाळा बंद करायची तर करू देत. तेवढ्याला ते एकोणीस महिने हवे होते, आणि ते बावन्न वर्षांपूर्वीच गेलेले होते.

कसे गेले ते बाईंनी मला त्या दिवशी दुकानातच सांगितलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांना मी चहा प्यायला पाठवलं.

त्र्याहत्तरचा जून. खाजणवाडीच्या शाळेत चांगदेव गुरुजी एकटेच चार वर्ग सांभाळायचे. पट चाळीस झाला तर दुसरा मास्तर मिळणार होता, आणि गुरुजींनी वाडीवाडी पालथी घालून एकोणचाळीस जमवले होते. बौद्धवाडीतून बाळाराम तांब्यांची नीरा शाळेत यायची आणि तिच्या मागे तिची धाकटी बहीण, नाक गळत, बोट धरून. ती धाकटी म्हणजे जयमाला. तेव्हा वय बघायची एक पद्धत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं. जयमालाचा हात जेमतेम टाळूपर्यंत पोचला. गुरुजींनी दोनदा करून बघितलं. मग म्हणाले, "पोरी, मान जरा इकडं वाकडी कर बघू." तिने मान खांद्यावर टाकली, कान वर आला आणि बोट टेकलं. "झाली सहा वर्षांची," गुरुजी म्हणाले आणि रजिस्टरात नाव घातलं. साडेचार वर्षांची होती ती.

मला हसू आवरेना. बाईही हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "हसतोस काय? ती मान वाकडी केली नसती तर मी शाळेत गेलेच नसते. पुढच्या साली भाऊ झाला. त्याला सांभाळायला आई मला घरीच ठेवणार होती. पण नाव लागलं होतं, आणि गुरुजी रोज घरी येऊन उभे राहायचे. पोर आली नाही तर माझा पट तुटेल, म्हणायचे. त्यांच्या पटापायी मी शिकले."

"मग नोकरी लागल्यावर तारीख दुरुस्त करून घ्यायची होती की," मी म्हटलं. हे माझं क्षेत्र. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला आणि पुरावा असला तर दुरुस्ती होते. पाटलाच्या जन्मनोंदीत बाईंची खरी तारीख होती, म्हणजे पुरावाही होता.

"अर्ज लिहिला होता. त्र्याण्णव साली, मुदत संपायला तीन महिने असताना. गुरुजींना विचारावं म्हणून घेऊन गेले. त्यांनी वाचला, म्हणाले, बरोबर हाय, दे पाठवून. मग गुरुजी पाणी आणायला आत गेले ते लवकर बाहेरच येईनात. तेव्हा गुरुजींच्या घरच्या काकी म्हणाल्या, पुढच्या साली ह्यांची पेन्शन हाय, खोटी नोंद केली म्हणून चौकशी लागली तर काय व्हईल गो?"

"मग?"

"मग काय? अर्ज तिथंच चुलीत घातला. पंचविशीत कुणाला कळतं रे, एकोणीस महिने म्हणजे किती."

मला गुरुजींचा राग आला. माणूस केव्हाच वारला आहे आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण आला. बाईंना तसं म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तिसरीत पाढा चुकल्यावर बघायच्या. मी गुपचूप कागद स्कॅन करायला घेतले.

बाईंची शाळा कशी चालायची ते सांगायला हवं, नाहीतर त्यांचा जीव तिथे का अडकला होता ते कळणार नाही. त्या शाळेत प्रत्येकाची पाळी असायची. पाण्याची पाळी, केराची पाळी, फळ्यावर तारीख आणि पट लिहायची पाळी. आणि सगळ्यात मानाची म्हणजे शिकवायची पाळी. चौथीवाल्याने दुसरीला शिकवायचं, तिसरीवाल्याने पहिलीला. दुसऱ्या मास्तराची जागा कायम रिकामी, आणि एका बाईला चार वर्ग असतात तेव्हा असं करावंच लागतं म्हणा. पण बाई ते अडचण म्हणून करत नसत. "तुला येतं असं तुला वाटतं ना? मग त्याला शिकवून दाखव," म्हणायच्या. मला भागाकार येतो असं मला वर्षभर वाटत होतं. दुसऱ्याला शिकवायला बसलो आणि घामाघूम झालो. रात्र रात्र घोकून दुसऱ्या दिवशी गेलो, कारण खालच्या वर्गातल्या पोरासमोर शोभा व्हायला नको. आजही कुणी म्हातारी फॉर्म घेऊन आली की मी आधी स्वतः दोनदा वाचतो. ही खोड त्या शाळेची.

आणि कुठलंही काम बाई एकदाच सांगायच्या. दुसऱ्यांदा सांगायच्या नाहीत, ओरडायच्याही नाहीत. स्वतः उठून करायला लागायच्या. केर काढायला विसरलात, तर बाईंच्या हातात केरसुणी दिसायची. त्यापेक्षा दोन छड्या बऱ्या होत्या.

दोन हजार एकला त्यांची बदली झाली. तळा तालुक्यात काही वर्षं काढली, आणखी दोन गावं झाली, आणि सोळा साली त्यांनी खटपट करून खाजणवाडी परत मागून घेतली. दुर्गम शाळा कोण मागून घेतं? त्यांनी घेतली. त्यांचे मालक आधीच वारले होते, मुलगा सम्यक उरणला कंटेनरच्या गोदामात नोकरीला, घर बोर्लीत बांधलेलं. रोज सकाळी आठ किलोमीटर जायच्या आणि संध्याकाळी परत. एसटी चुकली तर चालत.

निवृत्तीचं म्हणाल, तर तो दिवसही धड वाट्याला आला नाही. एकतीस मे म्हणजे भर सुट्टी. शाळेला कुलूप, पोरं आजोळी, आंब्याखाली. शेजारच्या शाळेतले एक सर चार्ज घ्यायला आले. कपाट एक, खुर्च्या दोन, फळे तीन, रजिस्टरं अमुक. बाई सह्या करत गेल्या. किल्ली सगुणाच्या हातात दिली, जी पोरांची खिचडी रांधते. निरोपाचा नारळ केंद्रशाळेत एका बैठकीच्या शेवटी मिळाला. पोरांना बाईंनी निकालाच्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं. "कसं सांगणार?" मला म्हणाल्या. "तोंड उघडलं की रडू आलं असतं, आणि पोरं सुट्टीला निघाली होती."

सम्यकचा रोज फोन. "आई, आता उरणला ये ना, कशाला एकटी राहतेस?" बाई म्हणायच्या, "येते, पेन्शनचं मार्गी लागू दे." पेन्शनचं मार्गी लागलं होतं. लावणारा मीच होतो.

सोळा जूनला शाळा उघडल्या. सकाळी नऊ वाजता मी शटर वर करतोय तर बाई समोर उभ्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, हातात छत्री. शाळेत निघाल्यासारख्या. "इकडं कुठं?" विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, बसते जरा." आणि स्टुलावर बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर बाई माझ्या दुकानात साडेनऊ ते पाच भरत होत्या. लोकांच्या अर्जांतल्या चुका काढायच्या. एका माणसाला 'विनंती'ची वेलांटी तीनदा लिहायला लावली. तो बिचारा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. दीड वाजला की त्या घड्याळाकडे बघायच्या आणि डबा उघडायच्या. पावणेदोनला बंद. मला नुसतं वाईट वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी ते चार्जवाले सर दुकानात आले. त्यांच्याकडे आता दोन शाळा होत्या, स्वतःची आणि खाजणवाडीची. माणूस वाईट नव्हता, दोन्हीकडे ओढून जेरीला आला होता. प्रशिक्षणाचं पत्र छापायचं होतं. "आज-उद्या तालुक्याला प्रशिक्षण आहे," म्हणाले. "तिकडची शाळा दोन दिवस बंदच समजा."

ते गेले. बाई स्टुलावरून उठल्या. "बंद?" त्या म्हणाल्या. मग थोडं मोठ्याने, "विनेश, गाडी काढ."

"आत्ता? बाई, पाऊस..."

"रेनकोट घाल."

एवढं एकदाच. मी बायकोला दुकानात बसवलं आणि गाडी काढली.

त्या आठ किलोमीटरांत बाई जेवढ्या बोलल्या तेवढ्या सहा महिन्यांत बोलल्या नव्हत्या. किल्ली सगुणाकडे असेलच. दोन दिवसांचंच आहे, सरांना काय वाईट वाटायचंय, उलट बरं वाटेल. रुचिकाला वजाबाकी हातच्याची पक्की करून घ्यायची राहिली होती, आज तीच घेऊ. भक्ती नवी आहे, रडत असेल. पिशवीत त्यांनी खडू घेतले होते. म्हणजे हे खडू आठवडाभर त्या पिशवीत घेऊन माझ्या दुकानात बसत होत्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. पावसाने भिजलेला आणि इतका खूश, की मला भीतीच वाटली.

शाळेचं दार उघडं होतं.

बाहेर चपलांचे तीन जोड ओळीने लावलेले. मागच्या पडवीत सगुणा खिचडी ढवळत होती. आम्हाला बघून म्हणाली, "बाई! आवो रुचिकानं सकाळीच चावी नेली. म्या म्हटलं, सर न्हाईत, घरी जा. तर म्हनते, सर न्हाईत पन आमची पाळी हाय ना."

बाईंनी छत्री मिटली. दारातून फळा दिसत होता. वर तारीख, वार, खाली पट तीन, हजर तीन. भक्ती जमिनीवर 'ग' गिरवत होती, रडत वगैरे मुळीच नव्हती. पियूषसमोर रुचिका बसली होती. नऊ वर्षांची पोरगी, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.

बाईंनी एक पाऊल आत टाकलं.

रुचिकाने वर बघितलं. तिचा चेहरा असा उजळला की आता ही धावत येऊन बिलगणार असं मला वाटलं. ती अर्धी उठलीही. मग तिने पियूषकडे बघितलं, परत बाईंकडे बघितलं, आणि खाली बसली.

"बाई, तास चालू हाय," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत या."

हे वाक्य बाईंचंच. सदतीस वर्षं त्यांनी ते पालकांना ऐकवलं, सरपंचांना ऐकवलं, पोराचा डबा घेऊन आलेल्या माझ्या बापालाही ऐकवलं. बाईंना कुणी ते ऐकवलेलं मात्र मी पहिल्यांदा बघत होतो.

"व्हय व्हय," बाई घाईघाईने म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि पाऊल मागे घेतलं.

त्या पडवीच्या कडेला बसल्या. पागोळ्यांचं पाणी त्यांच्या पायांवर उडत होतं. मी म्हटलं, "बाई, काय हे? तुम्ही आत जा. लहान पोर आहे ती, तिला काय कळतं?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत बेचाळीसातून सतरा चालले होते. रुचिका पियूषला मोठ्याने सांगत होती, दोनातून सात जात न्हाय, मग शेजारून एक घ्यायचा, बारातून सात गेले पाच, आणि चारातून एक गेला तीन. पस्तीस.

बाईंनी पदर मुठीत धरला. "घेतलेला कमी केला नाही," त्या पुटपुटल्या. त्या उठणार असं मला वाटलं. नाही उठल्या. पदर तसाच धरून बसून राहिल्या. मग रुचिकाचा आवाज आला, "थांब थांब पियूष. शेजारच्याचा एक आपन घेतला, त्याच्याकडं तीनच उरले. चार न्हाय. पूस, पूस ते. चुकलंय माझं."

बाईंनी मूठ सोडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

मधल्या सुट्टीची घंटा रुचिकानेच दिली, आणि मग मात्र ती खरोखर धावत आली. बाईंच्या गळ्यात पडली. वही दाखवली, सुटलेली रिबीन बांधून घेतली, सर गेल्या आठवड्यात काय काय शिकवून गेले ते सांगितलं. खिचडी बाईंना खायला लावली. मग विचारलं, "बाई, आता तुमी रोज येनार?"

बाई वर्गाकडे बघत राहिल्या. खरं तर हो म्हणायला काय हरकत होती? कोण अडवणार होतं? मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो, बाई, म्हणा.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "सर येतील परवा. कुठवर झालं ते तू त्यांना नीट सांग."

"मी ह्यांना शिकवीन. पन मला चौथीचं कोन शिकवनार?"

"सर शिकवतील. आणि अडलं की शनिवारी दुपारी बोर्लीला ये, विनेशकाकाच्या दुकानात. मी बसेन तुझ्याबरोबर." रुचिकाने घड्याळाकडे बघितलं आणि पियूषला हात धुवायला पाठवलं.

परत येताना मला राहवेना. घाटीच्या वळणावर गाडी हळू करून मी म्हटलं, "बाई, खरं तर तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे. एवढीशी पोरगी अख्खी शाळा चालवते. हे तुम्हीच केलं."

"वाटतो ना," त्या म्हणाल्या. "का नाही वाटणार? जन्मभर पोरांना हेच सांगितलं, माझ्यावाचून अडता कामा नये." बोर्लीची घरं दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पण जाताना अख्ख्या वाटेत मी एकच मागत होते रे विनेश. दार बंद असू दे. बंद असतं तर मला उघडता आलं असतं."